खुलभर दुधाचा हिशेब

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत छतावर सौर पॅनेल बसवण्याचा विषय सातव्या क्रमांकावर होता. गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा रिवाजाप्रमाणे अर्धा तास तहकूब झाली आणि मग त्याच माणसांनी त्याच खुर्च्यांवर बसून ती पुन्हा सुरू केली. पार्किंग, गच्चीची गळती आणि वॉचमनचा पगार यांत दोन तास गेले. सातव्या विषयापर्यंत चहा संपला होता, तरी बोलले सगळे. बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, ‘‘पूर्वी पुण्यात एप्रिलमध्येसुद्धा पहाटे पांघरूण ओढावं लागायचं. आता एसीशिवाय डोळा लागत नाही.’’ आयटीतल्या एका तरुणाने विचारले, ‘‘काका, आपल्या वीस किलोवॅटनं काय होणार? आधी चीन-अमेरिकेला सांगा.’’ एका काकूंनी, ‘‘आम्ही तर प्लॅस्टिकची पिशवी घरात येऊच देत नाही,’’ असे सांगून आपला वाटा उचलून झाल्याचे सुचवले. कुणी म्हणाले, सरकारने सक्ती केल्याशिवाय काही होणार नाही. कुणी म्हणाले, हे चक्र आहे, युग बदलते तशी हवाही बदलते. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी विचारले, ‘‘पॅनेल बसल्यावर मी कुरडया कुठे घालू?’’ सगळे हसले आणि विषय पुढच्या सभेवर गेला. इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चा झाली’ अशी नोंद आहे.

घरी आल्यावर मी ही वाक्ये एका कागदावर उतरवली. वाचताना लक्षात आले की हवा तापते आहे हे कुणीच नाकारले नव्हते. युगचक्रवाल्यांनीही नाही. भांडण होते ते ‘मग मी काय करायचं’ यावर. हवामानबदलाविषयीच्या लोकमताची चर्चा बहुधा ‘मानणारे’ आणि ‘न मानणारे’ अशा दोन ढिगांत केली जाते. ही विभागणी अमेरिकेतून आलेली आहे, आणि तिथे ती खरीही आहे. आपल्याकडे ती लावली की हाती काही लागत नाही. आपला वाद ‘जबाबदारी’ या शब्दाच्या पोटात आहे, म्हणून सुरुवात त्या शब्दापासून करायला हवी.

जबाब कुणाचा?

‘याला जबाबदार कोण?’ आणि ‘ही जबाबदारी कोण घेतो?’ ही दोन वाक्ये एकाच शब्दाची असली तरी त्यांची तोंडे दोन दिशांना आहेत. पहिल्याची नजर मागे आहे. त्यात ‘जबाब’ हा पोलीस नोंदवतात त्या अर्थाने येतो आणि त्याचा शेवट दोषात होतो. दुसऱ्याची नजर पुढे आहे. लग्नघरात ‘पंगतीची जबाबदारी कोण घेतो’ असे विचारतात तेव्हा कुणी गुन्हा केलेला नसतो. काम पडलेले असते आणि ते करू शकेल असा माणूस हवा असतो. राजकीय तत्त्वज्ञ आयरिस मॅरियन यंग यांनी जबाबदारीचे असेच दोन प्रकार केले होते. एक दोषाधारित. दुसरी, अन्याय घडवणाऱ्या व्यवहारात आपणही गुंतलेलो आहोत एवढ्यामुळे येणारी, पुढे पाहणारी. मराठीत हा भेद रोजच्या बोलण्यात आहे, आपण तो हवामानाच्या चर्चेत विसरतो इतकेच.

या दोन अर्थांना तिसरा जोडावा लागतो, तो म्हणजे भोग. दोष कुणाचाही असो, निभावणे कुणाच्या गळ्यात पडते? दोष, ऐपत आणि भोग या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला आल्या असत्या तर वादच उरला नसता. ज्याने खाल्ले त्याचेच पोट दुखले असते. हवामानबदलात त्या तीन वेगळ्या ठिकाणी जाऊन पडतात. औद्योगिक क्रांतीपासून हवेत सोडल्या गेलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव वाटा एकट्या अमेरिकेचा आहे, भारताचा ३ ते ४ टक्के. आज दरडोई वार्षिक उत्सर्जन अमेरिकेत १४ टनांच्या आसपास आहे, भारतात २ टनांच्या. पण एकूण वार्षिक उत्सर्जनात भारताचा क्रमांक चीन आणि अमेरिकेनंतर तिसरा लागतो. सभेतला तरुण दोषाविषयी बोलत होता, काकू कर्तव्याविषयी, आजी भोगाविषयी. तिघांनाही वाटत होते की आपण एकाच प्रश्नाचे उत्तर देतो आहोत.

माहीत असणे आणि नाव माहीत असणे

येल विद्यापीठाच्या अभ्यासगटाने सी-व्होटरच्या मदतीने २०२१-२२ मध्ये भारतभर एक पाहणी केली. तापमानवाढीविषयी आपल्याला अगदी थोडे ठाऊक आहे किंवा हा शब्दच ऐकलेला नाही, असे ५४ टक्के लोकांनी सांगितले. मग थोडक्यात अर्थ समजावून पुन्हा विचारले, तेव्हा ८४ टक्के म्हणाले, हो, असे घडते आहे. याच गटाने अमेरिकेतल्या लोकांचे, धास्तावलेल्यांपासून साफ नाकारणाऱ्यांपर्यंत, सहा वर्ग पाडले होते. भारतात चारच पाडावे लागले, कारण संशय घेणारे आणि नाकारणारे वेगळा वर्ग करण्याइतके भरलेच नाहीत.

या आकड्यांवरून ‘लोक अडाणी आहेत, प्रबोधन करा’ असा निष्कर्ष काढणारे भेटतात. तो घाईचा आहे. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराला ‘हवामानबदल’ म्हणा, तो हा शब्द कृषी अधिकाऱ्याच्या भाषणासाठी राखून ठेवतो. स्वतः बोलताना म्हणतो, ‘‘पावसाचा नेम राहिला नाही.’’ त्याचे ज्ञान बागेच्या वेळापत्रकात असते. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी घेतली, फूट निघाली, फुलोरा आला आणि त्यात अवकाळी पाऊस उतरला की डाऊनी ही बुरशी येते, घड कुजतात, मणी गळतात. छाटणी आगाप घ्यावी तर परतीचा पाऊस, उशिरा घ्यावी तर बाजार हातचा जातो. फवारण्या वाढतात आणि त्यांबरोबर ब्लोअर ओढणाऱ्या ट्रॅक्टरचे डिझेलही. आता बागेवर प्लॅस्टिकचे आच्छादन टाकावे, त्याला अनुदान मिळावे, ही त्याची मागणी आहे. काकूंच्या घरात प्लॅस्टिक हे पाप असते, याच्या बागेत ते छप्पर असते. दोघेही पर्यावरणाशी प्रामाणिकच आहेत.

पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भूभागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात जवळजवळ तिपटीने वाढल्या. बागायतदाराची तक्रार आणि हा निष्कर्ष एकच नव्हेत. एक बाग म्हणजे हवामानाची नोंद नव्हे, आणि स्मरणशक्ती मागचे पावसाळे गोड करून ठेवते. पण दिशा एक आहे. कमी आहे तो या दोन ज्ञानांमधला सांधा. कोळशाचा धूर आणि फुलोऱ्यातला पाऊस यांचे नाते त्याला कुणी त्याच्या भाषेत सांगितलेले नाही. म्हणून पावसाचा नेम गेला याचा दोष देवाकडे, निसर्गाकडे किंवा ‘माणसं पूर्वीसारखी राहिली नाहीत’ या मोघम नैतिक कारणाकडे जातो. शेवटचे कारण हसण्यावारी नेऊ नये. त्यात निदान माणसाच्या वागण्याचा आणि आभाळाचा संबंध मान्य केलेला असतो.

माहिती वाढली की जबाबदारीची जाणीव वाढते हे गृहीतकही टिकत नाही. अमेरिकेत डॅन काहान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले की विज्ञान आणि आकडेमोड ज्यांना जास्त कळते त्यांच्यात या प्रश्नावरची फूट कमी नसते, उलट जास्त रुंद असते. माणूस आपल्या गटाची बाजू लढवण्यासाठी बुद्धी वापरतो. आपल्याकडे हवामान हा पक्षापक्षांतला वाद झालेला नाही, ही चांगली गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला तितकी खात्री वाटत नाही. ज्यावर सगळ्यांचे एकमत असते आणि ज्यासाठी एकही मत फिरत नाही, तो विषय जाहीरनाम्याच्या शेवटच्या पानावर जाऊन बसतो. आमच्या सभेतही तो सातवाच होता.

नकाराचे तीन मजले

समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी ‘स्टेट्स ऑफ डिनायल’ या २००१ च्या ग्रंथात नाकारण्याचे तीन प्रकार सांगितले. घडलेच नाही, हा पहिला. घडले, पण तुम्ही म्हणता तसे नाही, हा दुसरा. घडले, तसेच घडले, पण त्यातून माझ्यावर काही येत नाही, हा तिसरा. कोहेन यांचा मुख्य विषय छळ आणि अत्याचार होता, तरी हे वर्गीकरण इथे चपखल बसते. पहिला मजला आपल्याकडे जवळजवळ रिकामा आहे. दुसऱ्यावर युगचक्रवाले राहतात. बाकी सगळी सोसायटी तिसऱ्यावर आहे.

या तिसऱ्या मजल्याचा उत्तम अभ्यास नॉर्वेत झाला. कारी नोरगार्ड या समाजशास्त्रज्ञ २०००-०१ च्या हिवाळ्यात तिथल्या एका छोट्या गावात राहिल्या. त्या वर्षी बर्फ फार उशिरा पडला, तळे नीट गोठले नाही, बर्फावरच्या खेळांचा धंदा बसला. गाव शिकलेले, वर्तमानपत्र वाचणारे. कारण सगळ्यांना ठाऊक होते, तरी गप्पांत, सभेत, दुकानात तो विषय येत नसे. आला की कुणी विनोद करी, कुणी अमेरिकेचे नाव घेई. तेलावर श्रीमंत झालेल्या देशात साधेपणाने आणि निसर्गाच्या जवळ राहणारे लोक अशी त्यांची स्वतःविषयीची प्रतिमा होती, आणि तो विषय काढला की तिला तडा जाई. नोरगार्ड याला व्यक्तीचा दांभिकपणा म्हणत नाहीत. काय बोलायचे नाही हे सगळे मिळून ठरवतात, असे त्या म्हणतात. ‘आधी चीन-अमेरिकेला सांगा’ हे वाक्य आणि आजींच्या प्रश्नावर आमच्या सभेत उठलेला हशा मला त्यामुळे नीट कळले.

पिशवीचे वजन

आता हिशेब. काकूंनी नाकारलेली पातळ पिशवी सुमारे ५ ग्रॅमची. रोज एक घेतली तर वर्षाला पावणेदोन-दोन किलो प्लॅस्टिक होते. ते तयार करताना आणि शेवटी कुणी जाळले तर जळताना मिळून हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड ढोबळमानाने १० किलोच्या आत बसतो. एक लिटर पेट्रोल जळले की २.३ किलो बाहेर पडतो. म्हणजे वर्षभराचा पिशवीत्याग चार लिटर पेट्रोलइतका. त्याच घरातली गाडी वर्षाला १०,००० किलोमीटर धावत असेल आणि लिटरला १५ देत असेल तर दीड टन. दीड टनाचा एसी उन्हाळ्याच्या १०० रात्री आठ-आठ तास चालला तर आजच्या कोळशाच्या विजेवर साडेसहाशे-सातशे किलो. नातवाच्या बारशासाठी मुंबई ते न्यूयॉर्क जाऊन परत आले तर माणशी दोन टनांच्या आसपास, म्हणजे सरासरी भारतीयाचे अख्खे वर्ष. वाढलेले झाड वर्षाला वीसेक किलो शोषते असा ढोबळ अंदाज धरतात. त्या हिशेबाने एका बारशाला शंभर झाडांचे एक वर्ष लागते.

मग पिशवीनेच आपला एवढा ताबा का घेतला? तिच्यामागे आपला इतिहास आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच दिवशी कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. मुंबई बुडाली. पाऊस कुणाच्या हातात नव्हता, मिठी नदीवरची बांधकामे ज्यांच्या हातात होती ते हात दिसत नव्हते, आणि गटारांत अडकलेली पिशवी सगळ्यांच्या हातातून गेलेली होती. दोष तिच्यावर स्थिरावला. पुढे राज्याने २३ जून २०१८ पासून प्लॅस्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू केली, पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड. गटार, गाईचे पोट आणि समुद्र यांच्यासाठी ही बंदी योग्यच आहे, त्याबद्दल माझे दुमत नाही. पण ‘पर्यावरण’ या एका टोपलीत आपण कचरा, ओझोन, वाघ, झाडे आणि कार्बन सगळे भरतो आणि एका कामाची पावती दुसऱ्या खात्यावर लावतो. सोवळ्याची सवय असलेल्या समाजात अशुद्धी डोळ्यांना दिसावी लागते. पिशवी दिसते, नाकाला जाणवते. कार्बन डायऑक्साइडला रंग नाही, वास नाही, विटाळ नाही.

यात आपण एकटे नाही. सेथ वाइन्स आणि किंबर्ली निकोलस यांनी २०१७ मध्ये कॅनडातली शालेय पाठ्यपुस्तके तपासली. गाडीशिवाय राहणे, विमान टाळणे, पूर्ण वनस्पतिजन्य आहार घेणे असे खरोखर मोठे फरक पाडणारे उपाय त्यांत क्वचितच सापडले. कचऱ्याचे वर्गीकरण आणि दिवे बंद करणे मात्र भरपूर. शिकवायला सोपे ते शिकवले जाते. मुले घरी जाऊन वडिलांना ‘गाडी विका’ म्हणाली तर शाळेला कोण उत्तर देणार?

बारशाचे उदाहरण मी टाकले खरे, पण ते लिहिताना हात अडखळला. मुलगा न्यू जर्सीत, वडील सत्तरीत, नातवाला पहिल्यांदा मांडीवर घ्यायचे आहे. त्यांना टनांचा हिशेब दाखवणारा माणूस मला शेजारी म्हणून नको आहे. वैयक्तिक जबाबदारीचे तत्त्व इथे नुसत्या आकड्यांवर चालत नाही. गरज आणि चैन यांच्यातली रेघ ओढावी लागते, आणि ती कोण ओढणार हा या सगळ्या वादाचा गाभा आहे.

बाहेर दरडोई, घरात सरसकट

ही रेघ आंतरराष्ट्रीय पातळीवर ओढणाऱ्यांत भारतीय पुढे होते. १९९१ मध्ये अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी ‘ग्लोबल वॉर्मिंग इन ॲन अनइक्वल वर्ल्ड’ ही पुस्तिका लिहिली. भातखाचरातून आणि दारच्या गुरांतून निघणारा मिथेन आणि श्रीमंतांच्या गाड्यांचा धूर एका तराजूत घालू नका, जगण्याचे उत्सर्जन वेगळे आणि चैनीचे वेगळे, असे त्यांनी ठणकावले. पुढच्याच वर्षी रिओच्या परिषदेत झालेल्या हवामान करारात ‘समान परंतु भिन्न जबाबदारी’ हे तत्त्व आले. जबाबदारी सगळ्यांची, पण ओझे ज्याच्या त्याच्या इतिहासाप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे. तेव्हापासून प्रत्येक परिषदेत आपण दरडोई आकडा पुढे करतो, आणि तो न्याय्य आहे.

हाच न्याय देशाच्या आत मात्र आपण लावत नाही. मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेल्या मुंबईच्या हवामान कृती आराखड्यात शहराचे २०१९ चे उत्सर्जन सुमारे २३.४ दशलक्ष टन धरले आहे, दरडोई १.८ टन. त्यातला ७० टक्क्यांहून जास्त वाटा विजेसकट ऊर्जेच्या वापराचा. १.८ हा आकडा देशाच्या सरासरीजवळचा आणि मोठा सोज्वळ दिसतो. पण मलबार हिलची इमारत आणि मानखुर्दची चाळ एकत्र भागली की असाच सोज्वळ आकडा येतो. जगाच्या व्यासपीठावर मानखुर्दचा माणूस आपली सरासरी खाली ठेवतो आणि तिच्या आडोशाला मलबार हिल उभी राहते. घरी आल्यावर दोघांनाही तोच उपदेश मिळतो: दिवे बंद करा, पिशवी बरोबर ठेवा, झाड लावा.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत पंतप्रधानांनी ‘पर्यावरणपूरक जीवनशैली’चा मंत्र दिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये केवडियाला त्याचे अभियान झाले, ७५ वैयक्तिक कृतींची यादी आली. यादीतल्या बहुतेक गोष्टी गरीब माणूस आधीच करतो, त्याला त्या परवडतात म्हणून नव्हे, दुसरे काही परवडत नाही म्हणून. अशा यादीने त्याच्यावर काही लादले जात नाही, पण वरच्या माणसाकडूनही काही मागितले जात नाही. सरसकट जबाबदारीचा हा गुण आहे. ती कुणालाच बोचत नाही.

याच्या उलट टोकाला व्यवस्थावादी आहेत. त्यांच्याकडे चांगली शस्त्रे आहेत. रिचर्ड हीडी यांनी दाखवले की १७५१ ते २०१० या काळातल्या औद्योगिक उत्सर्जनाचा ६३ टक्के भाग फक्त ९० कंपन्या आणि सरकारी उत्पादकांच्या कोळसा, तेल, वायू आणि सिमेंटपर्यंत मागे नेता येतो. त्या यादीत कोल इंडियाही आहे. ‘कार्बन फूटप्रिंट’ हा शब्दप्रयोग घरोघरी पोहोचवण्यात बीपी या तेलकंपनीच्या २००० नंतरच्या जाहिरातींचा मोठा हात होता, ‘तुमचा फूटप्रिंट मोजा’ असे सांगणारे गणकयंत्रही तिने संकेतस्थळावर ठेवले होते. तेल विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला आरसा धरला आणि स्वतः आरशामागे गेला.

पण या युक्तिवादालाही भोक आहे. ९० कंपन्यांनी तेल काढले ते पिंपात भरून ठेवायला नव्हे. ते जाळले कुणी? चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. राख आणि धूर चंद्रपूरकरांच्या छातीत जातात, उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर तेच सोसतात, आणि वीज राज्यभर खेळते. बटण पुण्यात आणि धुराडे चंद्रपुरात असल्याने बटण दाबणारा निर्दोष ठरत नाही. आणि तो एकटा दोषीही ठरत नाही, कारण बटणामागे कोळसा असावा की ऊन, हे त्याला कुणी विचारलेले नाही. ‘व्यक्ती की व्यवस्था’ हा प्रश्नच चुकीचा कापलेला आहे. माणूस ग्राहक म्हणून फार लहान आहे. सभासद, मतदार, ग्रामसभेतला हात, बँकेचा ठेवीदार, नोकरीतला खरेदी-अधिकारी म्हणून तो बराच मोठा होतो, आणि नेमक्या याच भूमिकांत त्याला हवामान आठवत नाही.

विहीर आणि आभाळ

इथे हिवरे बाजारचा दाखला दिला जातोच. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाल्यावर या दुष्काळी गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली, शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस-केळी लावायची नाही असे ठरवले. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून ग्रामसभेत पिके ठरू लागली. सामायिक साधन माणसे लुटून संपवतातच असे नाही, ती नियम करून टिकवतातही, हा एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचा सिद्धान्त, आणि हिवरे बाजार त्याचा नमुना म्हणून शोभतो. मग हवेबाबत असे का होऊ नये?

कारण विहीर परतफेड करते. मी बोअर घेतला नाही तर माझ्याच गावाची पातळी वर राहते, आणि शेजाऱ्याने चोरून घेतला तर ते चार दिवसांत कळते. त्यागाचे फळ, चोरीची बातमी आणि शिक्षेचा अधिकार एकाच शिवारात असतात. मी एसी बंद ठेवला तर थंडावा माझ्या खोलीत येत नाही, तो जगभर इतका पातळ पसरतो की कुणालाच जाणवत नाही, आणि न जन्मलेल्यांच्या वाट्यालाही जातो. शेजाऱ्याने दोन एसी लावले तर त्याला जाब विचारायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. आदर्श गावांची उदाहरणे हवामानासाठी देणारे हा फरक गिळून टाकतात. हिवरे बाजारकडून घेण्यासारखी खरी गोष्ट अशी की तिथेही एकेकट्याच्या सद्‌बुद्धीवर काही सोडलेले नव्हते. नियम आधी झाला, सवय मागून आली.

लहानपणी बिरबलाची म्हणून एक गोष्ट ऐकलेली असते. रात्री प्रत्येकाने हौदात घागरभर दूध ओतायचे. प्रत्येकाला वाटते, एवढ्या दुधात माझे घागरभर पाणी कुणाला कळणार आहे, आणि सकाळी हौद पाण्याने भरलेला असतो. ‘माझ्या एकट्याने काय होणार’ या वाक्याची ही पुरती चिकित्सा आहे. पण श्रावणातल्या सोमवारची खुलभर दुधाची कहाणी मला जास्त खोल वाटते. राजा दवंडी पिटतो की घरातले सगळे दूध आणून महादेवाचा गाभारा भरा. भीतीने सगळे आणतात. वासरे, पोरे उपाशी राहतात, गाभारा भरत नाही. एक म्हातारी घरचे काम उरकते, पोरांना, लेकीसुनांना, वासरांना तृप्त करते आणि उरलेले खुलभर दूध घेऊन येते. गाभारा भरतो.

कीर्तनकार म्हातारीच्या भक्तिभावाकडे बोट दाखवतात. मला राजाच्या हुकमात रस आहे. तो सरसकट होता. कुणाच्या गोठ्यात किती गाई आणि किती वासरे, हे न विचारता काढलेला. म्हातारीने आधी जगण्याचे दूध बाजूला काढले आणि उरल्यातून दिले. अग्रवाल-नारायण यांची रेघ तिने चुलीपाशी ओढली होती. कहाणीत तिच्या खुलभर दुधाने गाभारा भरतो तो चमत्काराने, आणि वातावरण चमत्कार करत नाही, तिथे लिटरला लिटर मोजला जातो. म्हणून आज म्हातारीची गोष्ट सांगून ज्यांच्या दारात वीस गाई आहेत त्यांनीही खुलभरच दूध आणले, तर तिचा तो सरळ गैरवापर आहे.

आमच्या गच्चीचा विषय वर्षभराने विशेष सभेत पुन्हा आला. मधल्या काळात ‘पीएम सूर्यघर’ योजनेत सोसायट्यांना सामायिक विजेसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान जाहीर झाले होते, आणि लिफ्ट-पंपाचे बिल वाढले होते. चीन-अमेरिकावाल्या तरुणानेच तक्ता करून आणला. २० किलोवॅटला दिवसाला सरासरी ८० युनिट, वर्षाला सुमारे २९,००० युनिट, म्हणजे अंदाजे २० टन कार्बन डायऑक्साइडची बचत. चाळीसही घरांनी वर्षभर पिशव्या नाकारल्या तर ४०० किलोच्या आत, हे त्याने तक्त्याच्या खाली लहान अक्षरांत लिहिले होते. काकूंनी ते वाचले आणि चष्मा काढून ठेवला. देखभालखर्चात घरटी किती भर पडेल यावर पाऊण तास वाद झाला. शेवटी वर्गणी सरसकट न घेता चौरस फुटांप्रमाणे घ्यायचे ठरले. तीन बेडरूमवाल्यांनी कुरकुर केली आणि सही केली.

आजींचा प्रश्न तेवढा राहिला होता. बसवणारा माणूस टेप घेऊन गच्चीवर आला, तेव्हा त्या जिना चढून वर आल्या आणि पाण्याच्या टाकीशेजारची, सकाळपासून चारपर्यंत ऊन असणारी जागा त्यांनी पायाने दाखवली. ती सोडली तर तीन किलोवॅट कमी होत होते. सचिवांनी माझ्याकडे पाहिले, मी तरुणाकडे. त्याने तक्त्यावरचा २० खोडून १७ केला.